बाजाराच्या दिवसाची गोळी

सुधा बांगड्या भरायला बसली की बायका बिनघोर हात पुढे करायच्या. पंजा दाबत, गप्पांत गुंतवत ती काचेची बांगडी अशी चढवायची की ओरखडाही उठायचा नाही. सौसरहून ती मोहगाव, रामाकोना, तिगाव असे सगळे बाजार करायची. मग संधिवातानं तिचीच बोटं आखडली. चहाचा कप धरणंही मुश्कील झालं.

नागपूरच्या डॉक्टरांनी गोळी दिली. आठवड्यातून एकदाच, आणि दर महिन्याला रक्त तपासून दाखवायचं, असं बजावलं. तिचा नवरा श्रीधर शिस्तीचा माणूस. त्या शिस्तीचं त्याला स्वतःलाच फार कौतुक. त्या काळात सुधा कशीबशी मोहगावचा एकच आठवडी बाजार करायची. विसर पडू नये म्हणून त्या दिवशी तो भाकरीच्या फडक्यातच गोळी बांधून द्यायचा. बोटं मोकळी झाली. सुधा हरखली, आणि तिनं एकेक करत जुने बाजार पुन्हा धरले. श्रीधर प्रत्येक बाजाराला भाकरी बांधू लागला, आणि भाकरीसोबत गोळीही. आठवडा त्याच्या डोक्यातून केव्हाच गेला होता.

सुधाचं तोंड आलं. उष्णता झाली म्हणून तूप लावलं. घास गिळवेना, तेव्हा मुलानं, मंगेशनं, आईचं रक्त तपासून आणलं. रिपोर्टात बऱ्याच ओळी ठळक होत्या, पण आपल्याकडे रक्ताच्या रिपोर्टातली एकच ओळ सगळ्यांना वाचता येते.

“बाबा, आईचं हिमोग्लोबिन कमी झालं जी. कमजोरी हाय. खजूर देऊन पाहू.”

खजूर झाले, बीट झालं, डाळिंब झालं. पांढऱ्या पेशी जवळपास संपल्याचं त्याच पानावर छापलं होतं. तिकडे कोणी पाहिलं नाही. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायला हवा होता. पण हात बरे आहेत ना, मग कशाला एवढ्या लांब जायचं? या विचारानंच घात केला.

तापानं फणफणलेल्या सुधाला शेवटी नागपूरला नेलं. रिपोर्ट पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला.

“पांढऱ्या पेशीच नाहीत, जंतूंशी लढणार कोण? ही गोळी जास्त झाली की असं होतं. कोण देत होतं गोळी?”

श्रीधरच्या पायाखालची जमीन सरकली. प्रत्येक बाजाराला बांधलेली गोळी त्याला आठवली.

“त्यायले काय विचारता डॉक्टरसाहेब?” खाटेवरून सुधा म्हणाली. “ते बरोबरच देत होते. मीच चोरून घेऊन राहिली होती. हात लवकर बरे व्हावे म्हणून.”

“काहून केलं आई असं?” मंगेश रडवेला होऊन ओरडला.

सुधानं श्रीधरकडे पाहिलं आणि डोळे मिटले. डॉक्टरांनी शिकस्त केली, पण त्याच आठवड्यात ती गेली.

तेरवीला आलेल्यांना मंगेश आईच्या हट्टीपणाबद्दल सांगत होता. बायका हळहळत होत्या, तिलाच बोल लावत होत्या. श्रीधर शेजारीच मान खाली घालून बसला होता. तो तेव्हाही काही बोलला नाही.