कापडी आभाळ

तिसगावच्या शाळेत फिरतं तारांगण आलं होतं. पंख्याच्या हवेने फुगलेला कापडी घुमट, आत प्रोजेक्टर आणि तो चालवणारा एक किडकिडीत माणूस. हवेचा अंदाज घ्यायला त्याचा एक हात सतत कापडावर असे. बत्तीस मुलं आत होती, त्यांत माझी मुलगी. मी दाराशी होतो.

वीज गेली. घुमट खाली बसू लागला तसं मी दाराचं कापड उचलून धरलं.

अंधारातून त्याचा संथ आवाज आला, "पोरांनो, आभाळ लई दमलंय. बसूनच हातांनी वर धरा. दाराजवळचा एकेक जन बाहेर जा."

मी मोजत राहिलो. एकतीस झाली. बत्तिसावी माझी मुलगी, तिच्यामागे तो.

"भीती नाही वाटली?" मी त्याला विचारलं.

"पळा म्हनलं असतं तर तुडवातुडवी झाली असती, साहेब."

पाण्याचा पेला त्याला दोन्ही हातांनी धरावा लागला.