घर पाहावं राखून

म्हन हाये, घर पाहावं बांधून अन् लगन पाहावं करून. मी म्हनते, बांधनाऱ्याचं काय जाते? एकदा राखून पाहा म्हना!

नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पन त्याची कहानी सांगायची तं घ्याच लागते. आमचा बुढा शालिकराम. त्याच्या आजानं तुमसराकडून येऊन भिलाईजवळ रिसालीत वावर घेतलं अन् वावरातच मातीचं घर बांधलं. सागाचे खांब, वरती कवेलूचं छप्पर. सासरे मरताना बुढ्याचा हात धरून म्हनले, "बापू, माह्या बापाचं घर पडू नोको देजो." झालं! गळ्यात धोंड पडली. दरसाल कवेलू फेरा, खांबाची उधई खरवडा, भिंती पोतारा. जल्मभर तेच.

त्यात भिलाईचा कारखाना आला. वावर गेलं, घर तेवढं काठावर राहून गेलं. बुढा कारखान्यातच मजुरीवर लागला. तिकडे पायव्यासाठी लोखंडी खांब जमिनीत ठोकत, अन् त्या हादऱ्यानं इकडे आमचे कवेलू सरकत. ड्यूटीवरून आला का बुढा शिडी लावून वर. मी पोरीले, शीलाले, कडेवर घेऊन खालून ओरडाची, "अहो, दोन घास खाऊन तं घ्या!" "येतो न," म्हने, अन् उतरतच नव्हता.

एक दिवस मोजनीवाले आले अन् आंगनात लाल झेंडी गाडून गेले. घरावरून सडक जानार होती. बुढा झेंडीकडे पाहत बसला. जेवला नाही, शिडीले हात लावला नाही. मले काय, घराच्या बदल्यात कारखान्याचं क्वार्टर भेटलं तं पाहिजेच होतं. घरात नळ, वरती पक्की छत. पन मानसाची ते दशा मले पाहावली नाही.

मी पदर खोचला अन् गेली मोजनीच्या सायबाच्या तंबूत. रडली, भांडली. हाकललं तं दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. शेवटी सायेबच कटाळला. नकाशा पाहून म्हनला, "ठीक है बाई, सड़क उधर से निकाल लेंगे. अब जाओ."

मी पयतच घरी आली. "अहो, वाचलं! तुमचं घर वाचलं!"

बुढा ओट्यावरून उठून उभा झाला. "शीलाची माय, तुले कोनी सांगतलं होतं जायले?"

"कोनी कशाले सांगन? तुमच्यासाठीच गेली न मी!"

तो ओट्यावर मटकन बसला अन् लहान पोरावानी रडाले लागला. "मी थकलो वं. सरकारनं पाडलं असतं, तं वर गेल्यावर बाबाले सांगाले तोंड राहिलं असतं. सुटलो असतो मी."

मले असा राग आला! आधी बोलाले काय तोंडाले कुलूप होतं? चांगली झाडनार होती मी त्याले. पन पाठीवर हात ठेवला तं नुसती हाडंच लागली. मंग मी बी रडली.