पिळलेला डबा

आमच्या फडताळात सगळे डबे उंचीप्रमाणे ओळीत लागतात. त्यात मधोमध हा वेडावाकडा पुठ्ठ्याचा डबा कशाला, असं तुम्ही मागच्या खेपेला विचारलंत. त्याची ही हकीकत.

निजामाचं राज्य जाऊन वीसेक वर्षं झाली होती. आम्ही शहराच्या छावणी भागात राहत होतो. एम.एस्सी. झाल्यावर मला संशोधनासाठी नाव नोंदवायचं होतं. माझा प्रश्न असा: गोलाच्या पृष्ठावर ठरावीक बिंदू घ्या, ते कोपरे धरून कुठंही खळगा नसलेली आकृती बांधा. तिचं घनफळ सर्वांत जास्त केव्हा होतं? आणि तीनऐवजी चार, पाच मिती घेतल्या तर?

विभागप्रमुख हसले. "अहो बाई, आठ कोपरे म्हणजे घन. एवढी देखणी आकृती असताना दुसरी कुठली मोठी असणार? असेल तर नोंदणीच्या समितीपुढं दाखवा, नाहीतर विषय सोडा."

घरी येऊन मी पुठ्ठ्याचा एक घन केला. दुसऱ्या डब्याचा तळ तोच, उंची तीच, फक्त वरचा चौकोन अर्धा काटकोन फिरवला. कोपरे त्याच गोलावर राहिले, बाजूंना मात्र त्रिकोण आले. सासूबाई शेजारीच ज्वारी निवडत होत्या.

"सोड की आता. सुंभ जळलं तरी पीळ जाईना तुझा."

त्यांच्याच सुपातल्या ज्वारीनं मी घन काठोकाठ भरला आणि पिळलेल्या डब्यात रिकामा केला. डबा भरेना. सासूबाईंनी एक मूठ टाकली. मग आणखी एक.

"म्हंजे पिळानं जागा वाढती व्हय?"

"व्हय."

"तरीच तुझ्या डोक्यात एवढं मावतंय."

समितीपुढं डबे ठेवले तर प्रमुख म्हणाले, "हा गणित विभाग आहे, किराणा दुकान नव्हे."

मी खडू उचलला. दोन्ही डबे मध्यावर आडवे कापले तर घनात चौकोन मिळतो, पिळलेल्यात त्याहून मोठा अष्टकोन. तळ, माथा, उंची सारखीच. म्हणजे घनफळ जास्त. "आणि सर, हाही सर्वांत मोठा नाही. याहून मोठी आकृती आहे."

"असेल. चौथ्या मितीत ज्वारी कशात भरणार?"

"कशातच नाही. तिथं डबा करता येत नाही, म्हणूनच सिद्धता हवी. त्यासाठीच नोंदणी मागतेय."

"हट्ट सोडा. सोपा विषय घ्या, आत्ता सही करतो."

"सही याच विषयावर हवी."

त्या दिवशी मिळाली नाही. मग दर सोमवारी मी त्यांच्या दारात उभी राहू लागले, काखेत हाच डबा घेऊन. शेवटी त्यांनी सही केली. गणित पटलं म्हणून की माझा कंटाळा आला म्हणून, ते मी विचारलं नाही.

चार मितींत मला थोडंच जमलं. बरंचसं अजून कुणालाच जमलेलं नाही. डबा मात्र मधोमधच राहील. माझ्यामागंही तो कुणी माळ्यावर टाकायचा नाही.