गोपनीय फॉर्म आणि आप्पांची सही

मी तोंडी परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले, तेव्हा सरांनी मला कॉलेजच्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. उत्तरं मला येत होती. पण समोरच्यानं जरा आवाज चढवून "हं, पुढं?" म्हटलं की माझं तोंड कोरडं पडतं आणि मी त्याच्या हाताकडे बघत राहते. तिसऱ्यांदा असंच झालं असतं तर सेमिस्टर गेलं असतं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. त्यामुळे सेमिस्टर जातं म्हणजे नेमकं काय होतं, हे घरी समजावणं हा आणखी एक पेपरच.

मॅडमनी चार पानांचा फॉर्म दिला. "अगदी मोकळेपणानं भर. सगळं गोपनीय असतं," म्हणाल्या. "फक्त शेवटच्या पानावर वडिलांची सही आण. त्याशिवाय मला तुझ्याशी बोलता येत नाही. नियम आहे."

मी मान हलवली. हा नियम करणाऱ्यानं लहानपणी कधीच मार खाल्ला नसावा, किंवा फारच खाल्ला असावा.

शनिवारी बेळगावहून निपाणीची बस धरली. आप्पा तंबाखूच्या वखारीतून आले, हातपाय धुऊन चटईवर बसले. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता. आप्पा कन्नड झकास बोलतात, पण वाचता येत नाही.

"न वाचता सही कराय मी काय येडा हाय व्हय? मराठीत सांग."

म्हणून ज्यांच्याबद्दल प्रश्न होते, त्यांनाच मी ते भाषांतर करून विचारत बसले.

"लहानपणी घरात मारहाण झाली का?"

"लई. बापानं चिंचेला बांधून फोकानं फोडलाय मला."

"आप्पा, मला विचारलंय."

"तुला व्हय? न्हाई लिही."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. "आन् तिच्या दंडावर लाकडाचा वण हाय, त्यो कसला मग?" आई आतूनच म्हणाली.

"ते वळण लावलंय गं. हितं मारहाण विचारल्याली हाय."

वळण आमच्या गल्लीत घरोघरी फुकट मिळायचं. मला सहावीत मिळालं, पाहुण्यांसमोर चहा सांडला म्हणून. ते इतकं पक्कं बसलं की अजून सरांनी चष्मा सारखा करायला हात उचलला तरी मी मागं सरकते.

"घरात भीती वाटते का?"

"कुणाची? घरात तर आमीच असतोय. न्हाई लिही."

"झोप नीट लागते का?"

"घोरतीस की!"

मी लिहीत गेले. पेन माझं, अक्षर माझं, बालपण आप्पांनी पसंत केलेलं. सही मात्र त्यांनी जीव ओतून केली. पूर्ण नाव, खाली रेघ. "बघ," म्हणाले, "आपल्याला काय लपवायचं न्हाई."

सोमवारी मॅडमनी पानं चाळली. "छान आहे की घर तुझं! मग अभ्यासच कमी पडतोय." आणि त्यांनी फॉर्म फाईलला लावायला घेतला. ती फाईल बंद झाली असती तर पुढच्या परीक्षेत मी पुन्हा सरांच्या हाताकडे बघत उभी राहिले असते.  मी फरशीकडे बघत बोलले, "मॅडम, ही उत्तरं आप्पांची आहेत."

"म्हणजे?"

"त्यांनी सांगितली. मी लिहिली."

 मॅडमनी ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला, जुन्याची पिन उचकटली आणि आप्पांच्या सहीचं पान नव्या तीन पानांना जोडलं. "नियमाप्रमाणे सही आहे," म्हणाल्या. "आता तू भर."

पहिल्याच प्रश्नापुढं 'होय' लिहायला मला इतका वेळ लागला की दारातून एक मुलगी दोनदा डोकावून गेली. तिच्याही हातात फॉर्म होता, सही झालेला.