बाईंचा पालथा हात

कुठलंही यंत्र असो, आमच्या बाई आधी त्यावर पालथा हात ठेवायच्या. तापलेल्या पोराचं कपाळ बघतात ना, तसा. मग म्हणायच्या, "उठवायचं नाही. जागं होऊ द्यायचं."

पुणतांब्याच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी कारकून. मी जात्याच उतावळा. बाईंना घाई म्हणून ठाऊक नव्हती. तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल.

शाळेला पूर्वी कधीतरी एक कॉम्प्युटर मिळाला होता. बिघडेल म्हणून कुणाला हातच लावू दिला नाही. झालरीच्या कापडाखाली झाकून ठेवला, खंडेनवमीला हार घातला आणि पुढे तो अडगळीत गेला. नव्वद सालानंतर नवे हेडमास्तर आले, म्हणाले, भंगारात द्या. बाईंनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. त्याच वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. "एकदा तरी माझ्या मुलींची बोटं त्याच्यावर पडू देत," मला म्हणाल्या.

मी म्हटलं, त्यात काय, पिन खोचायची नि बटण दाबायचं. बाईंनी माझं मनगटच धरलं. एकदम वीज दिली तर आतलं जुनं काहीतरी जळेल, मग संपलंच. त्यांनी झाकण उघडून धूळ झाडली, उंदरानं जमवलेल्या चिंध्या काढल्या आणि नदीकाठची ओल जावी म्हणून यंत्र व्हरांड्यात सावलीला ठेवलं. पापडांच्या राखणीला पोर बसवावं तसं मला तिथं बसवलं. येता-जाता शिपाई कुरकुरायचा, "बाई, लावा की आता. लई झालं."

अखेर एका दुपारी त्यांनी वायरीच्या मधे साधा बल्ब जोडला. आत बिघाड असेल तर बल्ब पेटून राहील आणि यंत्र वाचेल, असं त्यांनी समजावलं. दूर शेतात मोटारींची घरघर चालली होती, वर्गात ऊन पेंगत होतं. बटण दाबलं आणि बल्ब लख्ख पेटला. "गेलं!" मी म्हटलं. बाई नुसत्या बघत राहिल्या. बल्ब हळूहळू मंदावला. मग तो काढून त्यांनी सरळ वीज दिली, तेव्हा पडद्यावर एक इवलीशी चौकट लुकलुकू लागली.

वर्गातल्या मुली मात्र हात मागे बांधून उभ्या. एकीनं भीत भीत विचारलं, "मोडलं तर?"

"मोडू दे," बाई म्हणाल्या, आणि तिचं बोट धरून त्यांनी कीबोर्डच्या कळीवर टेकवलं.

ते दशक संपायच्या आत बाई गेल्या. चर्चमधल्या शेवटच्या प्रार्थनेत पाळकसाहेब म्हणाले, बाई प्रभूमध्ये झोपी गेल्या. मी पुढे होऊन त्यांच्या कपाळावर पालथा हात ठेवला. गार होतं. मागची माणसं खोळंबली होती, तरी मी हात काढला नाही. जन्माचा उतावळा मी, पण त्या दिवशी मला कसलीच घाई नव्हती.