घरी बसलेल्यांचं कौतुक

भांडणाचे किस्से आम्ही एचआरवाले लक्षात ठेवत नाही. ठेवणार किती? कालचं मिटायच्या आत आजचं दारात उभं असतं. पण कौतुक करायला गेलो आणि तोंडावर आपटलो, असे जे किस्से आहेत ना, ते काही केल्या डोक्यातून जात नाहीत. एकावर एक साठत जातात. मित्रांमध्ये सांगितले की सगळे हसतात. मीही हसतो. घरी आल्यावर मात्र जेवण जात नाही.

आमची कंपनी चाकणच्या पट्ट्यात, कुरुळीच्या जरा अलीकडे. गाड्यांना लागणारे रबरी पाइप आम्ही बनवतो. लॉकडाउनमध्ये डिस्पॅच, बिलिंग, परचेसची कॉम्प्युटरवरची माणसं घरी पाठवली. परत बोलवायची वेळ आली तोवर त्यांच्या टेबलांच्या जागी नवीन मशिन बसलं होतं! आता मशिन हलवणार कोण? माणसं राहिली घरीच. बाहेर सांगताना आम्ही त्याला 'पॉलिसी' म्हणतो.

आमचे प्लांट हेड खेडकर साहेब. माणूस वाईट नाही, फक्त सेमिनारला जातो. असंच एक सेमिनार करून आले आणि मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "घरून काम करणाऱ्यांना आपण विसरलोय असं वाटता कामा नये. त्यांचं ॲप्रिसिएशन करा. अगदी मनापासून करा. बजेट मात्र विचारू नका!"

* * *

पहिला मान खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्या शॉप फ्लोअरवर बघण्यासारखं असतं. मशिनं धुऊन पुसून लख्ख, झेंडूचे हार, हळदकुंकू, प्रत्येक मशिनपुढे नारळ फुटतो. मला वाटलं, घरी बसलेल्यांनी काय पाप केलंय? मी प्रत्येकाच्या घरी पूजेचं किट पाठवलं. एक नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या, हार, पेढे आणि साहेबांच्या सहीचं कार्ड : 'आपल्या यंत्राची पूजा आपल्या घरी!'

बिलिंगची सविता मूळची बीडकडची. कुरुळीत एका खोलीत नवरा, सासू आणि लहान लेकरू घेऊन राहते. लॅपटॉप धान्याच्या पिंपावर ठेवून काम करते. तिने आजवर एकही सुट्टी उगाच घेतली नसेल.

दुपारी तिचा रडत फोन. "सर, लॅपटॉप बंद पडला."

"काय झालं?"

"पूजा केली ना सर. कुंकू लावलं, हार घातला, अन् सासूबाई म्हणल्या मशिनपुढं नारळ फोडायचा असतो. वरवंट्यानं फोडला. पाणी सगळं बटणांत गेलं."

मी कपाळावर हात मारला. आयटीवाल्यांनी तिला खुलासा विचारला. 'उपकरणाची हानी कशी झाली?' तिने सरळ उत्तर पाठवलं, 'कंपनीने पाठवलेल्या नारळाने.'

* * *

मग 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' सुरू केलं, व्हिडिओ कॉलवर. पहिल्या महिन्याला साहेबांनी स्वतः नाव निवडलं : परचेसचे कांबळे. शांत माणूस. कधी तक्रार नाही, कधी पगारवाढीची मेल नाही. साहेब म्हणाले, "अशा माणसांमुळेच कंपनी चालते!"

सगळ्यांनी स्क्रीनवर टाळ्यांची चित्रं पाठवली. कांबळ्यांचा कॅमेरा बंद. साहेब म्हणाले, "कांबळे, दोन शब्द बोला ना. लाजताय काय?"

बराच वेळ खरखर झाली. मग आवाज आला, "थँक यू सर. मी गेल्या महिन्यातच नोकरी सोडलीय. ग्रुपमधून माझं नाव काढायचं राहिलं असेल."

कांबळेच पुढे म्हणाले, "पण बरं वाटलं सर. कामाला होतो तेव्हा असं कुणी बोललं नव्हतं."

* * *

आता दत्ताचं सांगतो. खरं म्हणजे मला त्याचंच सांगायचं होतं, बाकीचे किस्से अंगात बळ यावं म्हणून सांगितले.

दत्ता आमचा डिस्पॅचवाला. चाकणमधून निघालेली गाडी ग्राहकाच्या गेटवर अडू नये, हे बघणं त्याचं काम. राहायला पुनावळ्यात, तिथल्याच जुन्या घरातला. निम्मी जमीन हायवेत गेली, उरलेल्यावर टॉवर उभे राहिले. वडील, म्हणजे आबा, अर्धांगवायूने खाटेवर. त्यांना उठवणं, बसवणं, धुणं, पुसणं सगळं दत्ताच करायचा. घरून काम मिळालं म्हणून तर जमत होतं.

पण आबांच्या लेखी घरात बसलेला माणूस म्हणजे बिनकामाचा माणूस! त्यांचा हिशेब साधा होता. "कंपनी म्हंजी सकाळी बस येती, पोरगं जातं, सांजच्याला दमून येतं. ह्यो दिसभर माझ्याम्होरं बसून बोटं हालवतोय. ह्याची कंपनी सुटलीया. मला म्हाताऱ्याला सांगत न्हाई, एवढंच."

दत्ताने पगाराचा मेसेज दाखवला. आबा म्हणाले, "बायकोच्या अंगावरचं डाग मोडलं आसल."

आबांना वाटायचं, आपल्या आजारपणापायी पोराची नोकरी गेली. त्या विचाराने ते झुरायला लागले. औषध नको म्हणायचे, कारण 'पैसा कुठनं आणतोय'. दत्ताला ना ट्रॉफी हवी होती ना प्रमाणपत्र. आबांनी डोळे मिटायच्या आत एकदा म्हणावं, माझा पोरगा कामाला हाय. बस, एवढंच.

आणि एक दिवस मला कुरुळीच्या एका लेबर ठेकेदाराचा फोन. "साहेब, एक पोरगं हाय बघा. चांगल्या घरचं, पण कंपनी सुटली बिचाऱ्याची. बाप अंथरुणाला खिळलाय, त्यानंच सांगितलंय. हेल्पर म्हणून का होईना, तुमच्याकडं चिकटवा की!" वर त्याने मोबाइलवर फोटो पाठवला.

फोटो दत्ताचा! आमच्याच आयकार्डावरचा!

मी दत्ताला फोन केला. वाटलं, हसेल. तो म्हणाला, "सर, मला इंटरव्ह्यूचा कॉल पाठवता का एक? आबांना दाखवतो."

* * *

दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळीची भेट गेटवर वाटतात. कार्ड दाखवा, खोका घ्या. त्या आठवड्यात चाकणपासून चिंचवडपर्यंत प्रत्येक मोटारसायकलच्या टाकीवर कुठल्या ना कुठल्या कंपनीचा खोका असतो. पुनावळ्याच्या गल्लीतही रोज खोके यायचे आणि आबा खिडकीतून बघायचे.

घरून काम करणाऱ्यांना भेट कुरिअरने जाणार होती. पण दत्ताला धीर नव्हता. खोका घेऊन स्वतःच्या हाताने दारातून आत जायचं होतं त्याला. अर्धा दिवस सुट्टी टाकून तो चाकणला आला. गेटवर कार्ड लागेना. बरेच महिने वापरलं नाही म्हणून सिस्टीमने बंद केलेलं.

नवा सिक्युरिटीवाला म्हणाला, "कौनसी कंपनी से हो?"

"इसी कंपनी से."

"तो अंदर से किसी पहचानवाले को बुलाओ."

मी त्या दिवशी दुसऱ्या प्लांटला होतो, फोन सायलेंटवर. दत्ता तासभर उभा राहिला आणि रिकाम्या हाताने घरी गेला. दुसऱ्या दिवशी मी चिडलोच त्याच्यावर. "अरे, डिपार्टमेंटच्या कुणाला तरी बोलवायचंस ना बाहेर!"

"कुणाला बोलवू सर? माझ्या ओळखीचे सगळे घरीच बसलेत."

खोका पुढे कुरिअरने पोचला, तुळशीच्या लग्नानंतर. आबांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि सुनेला विचारलं, "केवढ्याला इकत आणला गं ह्यो?"

* * *

हे सगळं मी साहेबांच्या कानावर घातलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. म्हणाले, "आपणच जाऊ त्याच्या घरी. वडिलांसमोर सत्कार करू. बघू कसा विश्वास बसत नाही!"

गेलो. कंपनीच्या नावाची गाडी गल्लीत लागली, माणसं गोळा झाली. आबांना उशांना टेकून बसवलं होतं, डोक्याला टोपी, स्वच्छ सदरा. दत्ताची बायको चहा ठेवायला पळाली. दत्ता नव्या शर्टात असा उभा होता की जणू त्याचाच साखरपुडा.

साहेबांनी छान भाषण केलं. "दत्तात्रयसारखा माणूस आम्हाला लाभला हे कंपनीचं भाग्य. त्याची सेवा आम्ही कधीच विसरणार नाही!" मग दत्ताच्या खांद्यावर शाल घातली, हातात श्रीफळ दिलं, फळांची टोपली दिली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. साहेबांनी मला कोपराने ढोसलं. जमलं!

आबांनी चालत्या हाताने साहेबांचा हात धरला. म्हणाले, "सायेब, पोराचं काय चुकलं आसल तर पदरात घ्या. आसं काढू नका त्याला. त्याचं वय तरी काय झालंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गल्लीत आजवर ज्याला ज्याला कंपनीने शाल आणि नारळ दिला, तो दुसऱ्या दिवसापासून घरी बसलेला. शेजारचा तर व्हीआरएस घेऊन बसला होता, टाळ्या वाजवणाऱ्यांतच होता! आजवर आबांना नुसता संशय होता. आम्ही गाडी घेऊन जाऊन तो पक्का केला. दत्ताने खांद्यावरची शाल काढून घडी केली. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

परतताना गाडीत साहेब म्हणाले, "म्हातारा भावुक झाला, नाही? फारच सुंदर झाला कार्यक्रम!"

मी हो म्हणालो.

* * *

आबा पुढच्या महिन्यात गेले. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझ्या दत्ताला कुठंतरी कामाला लावा." दत्ताने मला फोनवर एवढंच सांगितलं, "सर, विश्वास नाही बसला त्यांचा." मला फार वाईट वाटलं. कौतुकाच्या नादात आम्ही त्या माणसाचं शेवटचं समाधान नासवलं होतं.

दहाव्याला मी पवनेच्या घाटावर गेलो. आमच्याकडे दहाव्याला गर्दी असते. मांडव, माइक, श्रद्धांजलीची भाषणं, सगळं झालं. पिंड ठेवला. दत्ता मुंडण केलेला, ओल्या धोतरात, हात जोडून उभा. त्याचा फोन आणि चष्मा माझ्याकडे.

पत्र्याच्या शेडवर कावळे होते, पण खाली एक उतरेना.

दत्ताचे चुलते तात्या पुढे झाले. "आबा, नातवाला शिकवू!" कावळे ढिम्म. "आबा, धाकलीचं लगीन थाटात करू!" काही नाही. एक चुलतभाऊ घसा खाकरून म्हणाला, "आबा, बांधाचा वाद सोडला मी." त्यावर लोकांत कुजबूज झाली, कावळ्यांत नाही.

मग तात्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "सायेब, तुमी बोला. त्याचा जीव तुमच्या कंपनीत आडकलाय."

मी चप्पल काढून पुढे गेलो. हात जोडले. "आबा, दत्ता आमच्याकडे कामाला आहे. परमनंट आहे. मी एचआरचा माणूस सांगतोय."

कावळ्याने मान फिरवली.

तात्या हळूच म्हणाले, "तुमच्या शालीपास्नं तुमच्यावर इस्वास न्हाई ऱ्हायला त्याचा."

ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून उरकू. दत्ता रडायला लागला. "नको गुरुजी, थोडं थांबा."

तेवढ्यात माझ्या हातातला दत्ताचा फोन वाजला. खेडकर साहेब. मी कापला. परत वाजला. परत कापला. तिसऱ्यांदा वाजल्यावर दत्ताच म्हणाला, "सर, घ्या. गाडी अडली असेल. माझे हात पिठाचे आहेत, स्पीकरवर टाका."

टाकला.

"दत्ता, सॉरी हं, आज दहावा आहे, माहितीये मला. दोनच मिनिटं." आणि मग साहेबांचा आवाज सगळ्या घाटावर घुमला. "अरे, गाडी कस्टमरच्या गेटवर उभी आहे! एंट्री होत नाहीये! त्यांची लाइन थांबली तर माझी नोकरी जाईल, कळतंय का? इथे एकाला धड काही येत नाही! तू काय झोपून राहिलायस तिकडे?"

दत्ताने सवयीने मान खाली घातली. "नाही सर. सॉरी सर. सांगतो सर. डावीकडं दुसरी स्क्रीन उघडा."

"दिसत नाही!"

"खाली या सर. अजून खाली. हां, तिथला जुना नंबर काढा."

ओल्या धोतरातला दत्ता पिंडाजवळ उभा राहून साहेबांचं ओरडणं ऐकत होता आणि नंबर सांगत होता. शेडवरून एक मोठा कावळा उतरला. दोन उड्या मारल्या, मान वाकडी करून दत्ताकडे बघितलं आणि पिंडावर चोच मारली.

"झालं रे दत्ता, झाली एंट्री! ठेवतो!" साहेब म्हणाले.

तात्यांनी झडप घालून माझा हात धरला आणि दबक्या आवाजात ओरडले, "फोन ठिवू देऊ नका त्यास्नी! आजून चार शिव्या घालायला सांगा, त्याला पोटभर खाऊ द्या!"