चोरीचं आणि फुकटचं

प्रोजेक्टरला माझा लॅपटॉप जोडला आणि भिंतीवर, उजव्या कोपऱ्यात, ती ओळ उमटली. अ‍ॅक्टिव्हेट विंडोज.

माझ्या प्रोजेक्टकडे कोणी पाहिलंच नाही. सरांनी लेसरचा लाल ठिपका त्या ओळीवर धरला.

"हे काय आहे? सांग सगळ्यांना."

मला माहीत नव्हतं. लॅपटॉप भावाने घेऊन दिला होता, जुना, बारडोलीच्या बाजारातून. तो तिकडे ऊस तोडतो. विकणाऱ्याने आत काय टाकलंय, ते त्याला कुठून कळणार?

"चोरीचा माल आहे," सर म्हणाले. "लायसन न घेता वापरायचं. यांना जंगलापासूनच सवय आहे."

वर्ग हसला. शहाद्याच्या कॉलेजातला संगणकाचा वर्ग. मी त्या वर्गातली एकटी पावरा आदिवासी मुलगी. म्हसावदच्या वर, डोंगरात आमचा पाडा.

चोर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आईसाठी. ती मोळी घेऊन उतरत होती. जंगलाच्या गार्डने मोळी टाकायला लावली, कोयता काढून घेतला आणि तो शब्द वापरला. आई खाली बघत उभी राहिली. मी तिचं लुगडं धरून उभी. वर्गातही मी तशीच उभी राहिले. खाली बघत.

मग वर्गात जाणंच बंद केलं. वसतिगृहाच्या खोलीत पडून राहायचे. घरी जावं, लग्न करतील, करू देत, असं वाटायचं. अन्न जात नव्हतं.

शबाना आली. माझ्याच वर्गातली. तिचे अब्बा शहाद्यात शिलाई करतात.

"काय रडी ऱ्हायनी?" ती म्हणाली. "तुन्हा लॅपटॉप दे मन्हाकडे."

तिने पेनड्राइव्ह लावला, जुनं सगळं पुसलं आणि विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, सगळ्यांना खुली असलेली सिस्टीम. "हाई चोरीनं नही शे. कोनीबी ल्यो, दुसराले बी द्या."

वायफाय चालेना. मोबाईलची केबल लावून कसंबसं नेट घेतलं. कॉलेजचा प्रिंटर तर शेवटपर्यंत जोडला गेला नाही. पण कोपऱ्यातली ओळ गेली होती. मी वर्गात परत गेले.

पुढे विभागाने वादविवाद ठेवला. विकतची संगणक प्रणाली चांगली की मुक्त? सरांनी बाजू वाटल्या.

"तू मुक्तच्या बाजूने बोल," मला म्हणाले. "फुकटाचं तुमच्याइतकं कोणाला माहीत? तुमचा तो पोशाख घालून ये. पाहुण्यांना आवडेल."

मी साधा ड्रेस घालून गेले.

विकतच्या बाजूने बोलणारा मुलगा खतांच्या दुकानदाराचा. आधी मुद्द्यावर बोलला, बरा बोलला. बिघडलं तर कंपनी जबाबदार असते, म्हणाला. ऑफिसात सगळे हेच वापरतात, म्हणाला. ते खोटं नव्हतं. शेवटी माझ्याकडे वळला.

"फुकट मिळतं त्याची किंमत नसते. काहींना फी माफ, वसतिगृह माफ. आता सिस्टीमही माफ."

टाळ्या पडल्या. सर हसले. पाहुणेही हसले.

माझं नाव पुकारलं.  घरी पावरी, मैत्रिणींत अहिराणी. ही शुद्ध मराठी मला शाळेने दिली, आणि नेमकी गरजेला ती पळून जाते. तरी बोलले.

"माझ्या लॅपटॉपवर प्रिंटर चालत नाही. ते खरं आहे. पण का चालत नाही, हे मला उघडून बघता येतं. तुमच्या सिस्टीमला कुलूप आहे. विकत घेऊनही तुम्ही भाडेकरूच."

कोणी हसलं नाही. मी पुढे बोलले.

"आमच्या पाड्यावर एकाचं घर उभं करायला सगळे येतात. उद्या तो दुसऱ्याकडे जातो. त्याला आमच्यात कोणी फुकट म्हणत नाही. ही सिस्टीम तशीच बनली आहे. माझ्याकडे विंडोज होतं तेव्हा मी चोर होते. आता लिनक्स आहे तर मी भिकारी. मी नेमकं काय वापरलं म्हणजे तुम्ही मला माणूस म्हणाल?"

सरांनी घंटी वाजवली. माझी वेळ संपली नव्हती.

"विषयावर बोल. इथे जात आणू नकोस."

"जात तुम्ही आणली, सर. त्या प्रोजेक्टच्या दिवशी. भिंतीवर लाल ठिपका धरून."

  या वेळी माझी मान वर होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी विभागात बोलावलं. पाहुण्यांसमोर बेअदबी केली म्हणून माफी लिहून दे. प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात होते, हे सांगायची कोणाला गरज नव्हती.

शबाना जिन्यात थांबली होती. "लिखी दे ना बहिन. साल जाई तुन्हं."

मी लिहून दिलं नाही. प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले. प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, विभागाचा प्रश्न विभागात मिटवा.

माफीचं आणि नापासाचं कळलं तसा भावाचा फोन आला. मागे फडातल्या माणसांचा आवाज होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पावरीत हळू बोलला.

"दे ना लिहून. आपल्यासाठी कोण भांडणार?"

त्याच्या हातांचे घट्टे मला दिसत होते. ते हात मी वाया घालवतेय, हे मलाही कळत होतं. रडू आलं. पण म्हटलं, "नाही."

त्याने फोन ठेवला. तेव्हापासून केला नाही. शबाना सोडली तर वर्गात कोणी बोलत नाही.

प्रॅक्टिकलला पुन्हा बसणार आहे. त्याच लॅबमध्ये, त्याच सरांसमोर. पुन्हा नापास करतील तर करोत, मी पुन्हा बसेन. कॉलेज सोडणार नाही. आणि माफी माझ्या हातून लिहिली जाणार नाही.